आवर्तसारणीतले गण: नाशिकच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये मूलद्रव्यांचं वर्गीकरण शाळा सुरू झाल्या झाल्याच येतं. मुलं भिंतीवरचा रंगीत तक्ता बघून घाबरतात, पालक त्याहून जास्त. रविवारी पंचवटीत मी काही मुलांना विज्ञान शिकवतो. तिथे दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून ते उत्तरांसकट एकदाच लिहून ठेवले आहेत. क्रम पुस्तकातला नाही, मुलांच्या विचारण्याचा आहे.

गण म्हणजे नेमकं काय? पत्रिकेतला गण तो हाच का?

हा प्रश्न एका मुलीच्या आजीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देवगण, मनुष्यगण, राक्षसगण हेही स्वभावावरूनच पाडलेले. सारणीतला उभा स्तंभ म्हणजे गण, आणि एका गणातल्या मूलद्रव्यांचा रासायनिक स्वभाव मिळताजुळता असतो. फरक एवढाच, की इथे स्वभावाचं कारण मोजून दाखवता येतं. अणूच्या सगळ्यांत बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत, हे ते कारण. आतून बाहेर एकेका कवचातले इलेक्ट्रॉन मोजले तर लिथिअमची मांडणी २, १. सोडिअमची २, ८, १. पोटॅशिअमची २, ८, ८, १. आतला पसारा वाढत गेला तरी दारात उभा असलेला एकच, आणि बाहेरच्याशी व्यवहार तोच करतो. म्हणून तिघं एका गणात.

एकूण गण १८, मूलद्रव्यं ११८.

मग आडवी ओळ कशासाठी?

आडव्या ओळीला आवर्त म्हणतात, आणि आवर्तं ७ आहेत. कितव्या आवर्तात आहे यावरून अणूला किती कवचं आहेत ते कळतं. पण एका ओळीत आहेत म्हणून साम्य शोधायला जाऊ नका. तिसऱ्या आवर्तात सोडिअम आहे, तो पाण्यात पडला की फुरफुरत पळतो. त्याच ओळीत दोन घरं पुढे ॲल्युमिनिअम आहे, ज्याच्या पातेल्यात आपण बिनधास्त पाणी उकळतो. त्याच ओळीत क्लोरीन आहे, विषारी वायू. हे एका गल्लीतले शेजारी. नातं उभ्या स्तंभात शोधायचं.

‘आवर्ती’ म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगा ना.

नाशिककराला हे सांगायला एक शब्द पुरतो: सिंहस्थ. गुरू सिंह राशीत आला की कुंभमेळा. २००३, २०१५ आणि आता २०२७. बारा वर्षांनी तोच योग परत येतो, तसा सारणीत ठरावीक घरांनंतर तोच स्वभाव परत येतो. लिथिअम तिसरा. त्यानंतर ८ घरांनी अकरावा सोडिअम, आणखी ८ घरांनी एकोणिसावा पोटॅशिअम.

पण इथे एक भानगड आहे. पोटॅशिअमनंतरचा भाऊबंद रुबिडिअम ८ घरांनी येत नाही, १८ घरांनी येतो. सीझिअम त्यानंतर आणखी १८ घरांनी, आणि फ्रान्सिअम तब्बल ३२ घरांनी. परत येणं नक्की, पण फेरा लांबत जातो.

फेरा का लांबतो? सगळीकडे ८ असते तर किती सोपं झालं असतं!

पंचांगात अधिक महिना येतो तसंच समजा. वर्ष तेच, सण तेच, पण मध्ये एक जादा महिना बसवावा लागतो. चौथ्या आवर्तात पोटॅशिअम आणि कॅल्शिअम झाल्यावर इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात पुढे जायचे थांबतात आणि आतल्या, म्हणजे तिसऱ्या कवचात शिल्लक राहिलेल्या जागा भरू लागतात. त्या जागा १०. म्हणून स्कँडिअमपासून जस्तापर्यंत १० मूलद्रव्यं मध्येच येतात, आणि त्यानंतर गॅलिअमपासून गाडी पुन्हा बाहेरच्या कवचावर येते. ८ अधिक १० म्हणजे १८. सहाव्या आवर्तापासून आणखी आत असलेल्या १४ जागाही भराव्या लागतात, म्हणून ३२. आवर्तांच्या लांबीचा हिशोब असा: २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. बेरीज करून बघा, बरोब्बर ११८ भरते.

ही वाटणी पहिल्यांदा कुणी केली?

एका माणसाचं काम नाही. १८२९ मध्ये जर्मनीतल्या डोबेरायनरने तीन-तीन सारख्या मूलद्रव्यांची त्रिकं लावली. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम हे त्यातलं एक. लिथिअमचं अणुवस्तुमान ६.९, पोटॅशिअमचं ३९.१, दोघांची सरासरी २३, आणि सोडिअम नेमका २३! पण अशी त्रिकं मोजकीच निघाली.

१८६५ मध्ये इंग्लंडच्या न्यूलँड्सने सांगितलं, की वजनाच्या क्रमाने मांडलं तर आठव्याला पहिल्याचा गुण परत येतो (कुणाशी सहसा न मिसळणारे राजवायू तेव्हा माहीत नव्हते, म्हणून फेरा एका घराने छोटा). सा रे ग म प ध नी, आणि मग वरचा सा. कॅल्शिअमपर्यंत हे सूर जुळले, पुढे बेसूर झाले. क्लोरीनच्या पंगतीला कोबाल्ट आणि निकेल येऊन बसले. लंडनच्या सभेत एकाने तर विचारलं, की नावांच्या अक्षरांप्रमाणे लावून पाहिलंत का? हा टोमणा अजून पुस्तकांत आहे. पुढे १८८७ मध्ये त्याच न्यूलँड्सला रॉयल सोसायटीने डेव्ही पदक दिलं, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही.

मग १८६९ मध्ये रशियाचा मेंडेलीव्ह. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. त्याने वजनाचा क्रम धरला, पण गुण जुळत नसतील तिथे सरळ घर रिकामं ठेवलं आणि सांगितलं, इथे येणारं अजून सापडायचंय.

रिकाम्या घरांना संस्कृत नावं दिली होती हे खरं का? की नुसतंच फॉरवर्ड?

खरं आहे. बोरॉनच्या खालच्या रिकाम्या घराला ‘एका-बोरॉन’, ॲल्युमिनिअमखालच्याला ‘एका-ॲल्युमिनिअम’, सिलिकॉनखालच्याला ‘एका-सिलिकॉन’. आपलंच एक, द्वि, त्रि मधलं ‘एक’. एक घर खालचा, असा अर्थ. मँगनीजखाली दोन घरं रिकामी होती, तिथे ‘एका’ आणि ‘द्वि’ दोन्ही वापरले.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलिअम सापडला, तोच एका-ॲल्युमिनिअम. शोधणाऱ्याने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने प्रयोगशाळेत तो धातू पाहिलेलाही नव्हता. तरी त्याने कळवलं, की तुमचा नमुना शुद्ध नसावा, घनता ५.९ च्या आसपास यायला हवी. पुन्हा मोजली तर ५.९ आली. ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी वर्ग दोन मिनिटं गप्प होतो. १८७९ मध्ये स्कँडिअम, १८८६ मध्ये जर्मेनिअम. तिन्ही घरं भरली.

वजनाचा क्रम सोडून अणुअंकाचा क्रम का घेतला?

कारण वजनाने काही जोड्या उलट्या बसत होत्या. आर्गॉन ३९.९५, पोटॅशिअम ३९.१०. वजनाने लावलं तर पोटॅशिअम आधी येऊन राजवायूंच्या स्तंभात बसेल आणि आर्गॉन सोडिअमखाली. दोघांनाही तिथे काही काम नाही. टेल्यूरिअम आणि आयोडीनचंही तेच. १९१३ मध्ये हेन्री मोज्ले या तरुणाने क्ष-किरणांच्या मोजमापांवरून दाखवलं, की खरा क्रमांक अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांचा, म्हणजेच अणुअंक. तो क्रम लावला आणि जोड्या आपोआप सुलट्या झाल्या. दोन वर्षांनी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या आघाडीवर तो मारला गेला. वय २७.

तांबं, चांदी आणि सोनं एकाच गणात आहेत. दिसायला तर तिन्ही वेगळी!

माझा आवडता गण, त्यामुळे इथे थोडा पाल्हाळ होईल.

अकरावा गण. वरून खाली तांबं २९, चांदी ४७, सोनं ७९. तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, पण त्याच्या आतली १० जागांची रांग पूर्ण भरलेली. म्हणून पहिल्या गणासारखा तोही एकटाच, तरी सोडिअमसारखा उतावळा नाही. या धातूंना हवा-पाण्याची फारशी पर्वा नसते, वीज नि उष्णता छान वाहून नेतात, आणि ठोकून पत्रा नि ओढून तार करायला यांच्यासारखे दुसरे नाहीत. एक ग्रॅम सोन्याची साधारण दोन किलोमीटर लांब तार निघते.

जुन्या नाशकात तांबट आळीत हातोड्याचा ठोका ऐकलाय ना? हंडा, घंगाळ, कळशी असं सगळं थंड पत्रा ठोकून होतं, कारण या गणातल्या धातूंचे थर एकमेकांवरून सरकतात, तुटत नाहीत. येवल्याच्या पैठणीचा पदर बघा. अस्सल जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा, आणि स्वस्त जरीत तांब्याची तार. पदर कुठलाही घ्या, धागा अकराव्या गणातलाच.

तिसरी गोष्ट नाण्यांची. या गणाला जुनं नाव आहे ‘नाण्यांचे धातू’. त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे, मुलांना एकदा तरी घेऊन जा. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारलेली. दोन हजार वर्षांच्या आसपास जमिनीत राहून छाप वाचता येते. तीच नाणी लोखंडाची असती तर मातीत गंजाचे गोळे मिळाले असते. एकदा छापलेलं नाणं पुन्हा छापता येतं हाही त्याच मऊपणाचा गुण.

पितळ वेगळं. ते तांबं आणि शेजारच्या घरातलं जस्त, २९ आणि ३०, यांचं मिश्रण. आणि कल्हई म्हणजे चौदाव्या गणातलं कथील.

‘संक्रामक मूलद्रव्ये’ हाताळली तर काही होतं का?

नाही हो. संक्रामक म्हणजे रोगाचे नव्हेत. मकरसंक्रांतीतलं संक्रमण आठवा, एका राशीतून दुसरीत जाणं. डावीकडच्या अतिक्रियाशील धातूंकडून उजवीकडच्या अधातूंकडे जातानाचा मधला टप्पा म्हणून हे नाव. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे गण यात मोडतात. लोखंड, तांबं, निकेल, क्रोमिअम वगैरे.

यांची ओळख रंगावरून पटते, आणि ती द्राक्षवाल्यांच्या घरी आधीच असते. मोरचूद निळं, त्यात तांबं. हिराकस हिरवट, त्यात लोखंड. मँगनीज सल्फेट फिकट गुलाबी. आणि झिंक सल्फेट पांढरं! निफाडच्या एका मुलाने विचारलं, “सर, जस्त पण त्याच पट्ट्यात आहे, मग ते का रंगत नाही?” उत्तम प्रश्न. आतल्या त्या १० जागा अर्धवट भरलेल्या असतील तर इलेक्ट्रॉन तिथल्या तिथे उड्या मारतात, प्रकाशातला काही भाग शोषून घेतात आणि उरलेला आपल्याला रंग म्हणून दिसतो. जस्ताच्या दहाच्या दहा जागा भरलेल्या आहेत. उडी मारायला जागाच नाही. म्हणून पुष्कळ जण जस्ताला खरं संक्रामक मानत नाहीत.

पहिल्या गणातले धातू घासलेटात का बुडवून ठेवतात?

हवेतल्या ऑक्सिजनशी आणि बाष्पाशी ते लगेच भिडतात म्हणून. खाली जावं तसा आक्रमकपणा वाढतो. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब लांब जातो, पकड ढिली होते. लिथिअम पाण्यावर सावकाश बुडबुडे काढतो, सोडिअम गोळी होऊन पळतो, पोटॅशिअम जांभळट ज्योतीने पेट घेतो, सीझिअमचा स्फोट होतो. लिथिअमची एक गंमत आहे. तो इतका हलका, की घासलेटावरही तरंगतो. त्याला दुसरी सोय करावी लागते, उदाहरणार्थ व्हॅसलिनचा लेप.

या गणांचा शेतीशी काही संबंध?

भरपूर. खारवट बोअरच्या पाण्यावरच्या बागेत सोडिअम वाढला की वेलीला पोटॅश नीट मिळत नाही, हे देठ परीक्षणाचा अहवाल वाचणारा प्रत्येक बागायतदार जाणतो. दोघं एकाच गणातले, एकेक धन प्रभार घेऊन फिरणारे. मुळांच्या दारात त्यांची चढाओढ होते.

खताच्या पोत्यावरचं एन-पी-के पण बघा. नत्र आणि स्फुरद दोन्ही पंधराव्या गणातले, पालाश पहिल्या गणातला. नत्र वायू आणि स्फुरद घन, म्हणजे एका गणातले असून रूप वेगळं. रूपावरून गण ओळखू नका. त्याच पंधराव्या गणात स्फुरदाच्या लगेच खाली आर्सेनिक आहे, जुन्या वैद्यकातला सोमल त्याचाच. आर्सेनिक विष ठरण्याचं एक कारण हेच नातं. त्याचं संयुग फॉस्फेटसारखं दिसतं, पेशी त्याला फॉस्फेट समजून आत घेते. अणुचाचण्यांमधून पसरलेला स्ट्रॉन्शिअम-९० असाच कॅल्शिअमच्या नावाखाली हाडांत जाऊन बसतो. दोघंही दुसऱ्या गणातले.

खोलीच्या तापमानाला द्रव असलेली मूलद्रव्यं किती?

परीक्षेत दोन लिहा: पारा आणि ब्रोमीन. पण खोली कुठली, हे कुणी विचारत नाही! गॅलिअम २९.८ अंशांना वितळतो, सीझिअम २८.५ ला. एप्रिलमध्ये नाशिकची दुपार चाळिशीकडे जाते तेव्हा दोन्ही बाटलीत पाणी झालेले असतील. उलट निफाडला डिसेंबरात तापमान पाचाच्या खाली गेलं तरी ब्रोमीन गोठणार नाही, त्याला उणे ७.२ लागतं. पाऱ्याला तर उणे ३८.८.

हॅलोजन कुलात काय लक्षात ठेवायचं?

सतरावा गण, बाहेर ७ इलेक्ट्रॉन, आठव्याची भूक. वायू, द्रव, घन तिन्ही अवस्था या एकाच स्तंभात मिळतात: फ्लोरीन नि क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव, आयोडीन घन. पहिल्या गणाच्या उलट इथे खाली जावं तशी क्रियाशीलता कमी होते. इतकं पुरे.

राजवायू निष्क्रिय असतात, मग त्यांचा उपयोग काय?

त्यांचं काही न करणं हाच उपयोग. सातपूर-अंबडला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ‘आर्गन वेल्डिंग’ची पाटी असते, तिथे आर्गॉन तापलेल्या धातूभोवती उभा राहून ऑक्सिजनला हाकलतो. हवेत तो जवळजवळ १ टक्का आहे, तरी १८९४ पर्यंत कुणाच्या लक्षात आला नव्हता. मेंडेलीव्हच्या सारणीत यांना घर नव्हतं. पण सापडल्यावर एक नवा स्तंभ घातला आणि बाकी काहीही हलवावं लागलं नाही. मांडणी पक्की असल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

‘निष्क्रिय’ शब्द मात्र आता पूर्ण खरा नाही. १९६२ मध्ये नील बार्टलेटने झेनॉनचं संयुग करून दाखवलं. म्हणून ‘राजवायू’च म्हणावं.

हेलिअमचा शोध विजयदुर्गावर लागला ना?

अभिमानाची गोष्ट आहे, म्हणून मोडायला जड जातं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जॅन्सन आंध्रातल्या गुंटूरला होता. ज्याचं नाव विजयदुर्गाशी जोडतात तो इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ऑक्टोबरमध्ये त्याने तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात हेलिअमची पिवळी रेघ पाहिली. विजयदुर्गाला लॉकियर आला तो जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याआधी, १८९५ मध्ये, रॅमसेने हेलिअम पृथ्वीवर मिळवलेला होता. दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे. किल्ला बघायला जाच, पण उत्तरपत्रिकेत हे लिहू नका.

हायड्रोजन पहिल्या गणात का? तो तर धातू नाही.

एक इलेक्ट्रॉन म्हणून तिथे बसवला. पण हॅलोजनांसारखा एक इलेक्ट्रॉन घेऊही शकतो आणि त्यांच्यासारखाच जोडीने राहतो. त्याच्या जागेवर अजून वाद घालणारे आहेत. तक्त्यात तो डावीकडे वर असतो, तुम्हीही तिथेच लिहा.

खालच्या दोन ओळी वेगळ्या का काढल्या?

कागदाच्या रुंदीसाठी. ५७ ते ७१ लॅन्थॅनाइड, ८९ ते १०३ ॲक्टिनाइड. जागेवर बसवले तर तक्ता ३२ घरांचा होतो आणि अक्षरं मुंगीएवढी. ॲक्टिनाइडांची ओळ खाली नेण्याची कल्पना ग्लेन सीबॉर्गची, १९४० च्या दशकातली.

बाबांच्या पुस्तकात ‘एक-अ’, ‘शून्य गण’ असं आहे. कुठलं बरोबर?

दोन्ही, पण आता १ ते १८ लिहायचं. जुन्या पद्धतीत अ आणि ब उपगण होते, आणि अमेरिकेतल्या व युरोपातल्या पुस्तकांत त्यांची अक्षरं काही ठिकाणी नेमकी उलट होती. तो गोंधळ मिटवायला आंतरराष्ट्रीय संघटनेने सरळ अंक दिले. बाबांचा शून्य गण म्हणजे आताचा अठरावा.

सगळं पाठ करावं लागेल का?

पहिली २० पाठ करा. पहिल्या गणासाठी ‘लीना की रब से फरियाद’ मुलं म्हणतातच, म्हणू द्या. बाकी गण काढता येतो. या २० साठी बाहेरच्या कवचात १ किंवा २ इलेक्ट्रॉन असतील तर तोच गणाचा अंक. ३ ते ८ असतील तर त्यात १० मिळवा. २, ८, ७ दिलं तर ७ अधिक १०, सतरावा गण. कवचं तीन, म्हणून तिसरं आवर्त. उत्तर क्लोरीन. अपवाद एकच, हेलिअम: बाहेर २, पण त्याचं कवचच दोघांचं, ते भरलेलं आहे, म्हणून अठरावा.

११९ वं मूलद्रव्य सापडलं तर कुठे जाईल?

११३, ११५, ११७ आणि ११८ यांना २०१६ मध्ये नावं मिळाली आणि सातवं आवर्त पुरं झालं. ११९ वं झालंच तर आठव्या आवर्तात, पहिल्या गणात, फ्रान्सिअमच्या खाली. ते अजून कुणाला करता आलेलं नाही. मेंडेलीव्हच्या पद्धतीने त्याचं तात्पुरतं नाव सांगायचं तर ‘एका-फ्रान्सिअम’.